एमआयटीने स्कीम का सोडली? ६.००१ चं सगळं प्रकरण

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगचा सिलॅबस बदलायची मीटिंग होती. सी काढून पायथन आणायचं हे जवळजवळ ठरलेलंच होतं, फक्त सह्या बाकी होत्या आणि चहा यायचा होता. मी उगाच मधे तोंड घातलं आणि म्हणलं की निदान सुरुवातीचे चार आठवडे रॅकेट (स्कीम नावाच्या भाषेतूनच निघालेली भाषा) घेऊया का, पोरांना आधी फंक्शन म्हणजे काय ते नीट कळू दे, मग पायथन आहेच. त्यावर आमच्यातले एक सीनियर सर अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, एमआयटीने पण सोडलं ते. तिथे जमलं नाही ते आपल्याकडे काय जमणार." झालं, विषय संपला. पुढचा मुद्दा लॅबमधल्या यूपीएसचा होता.

मी गप्प बसलो कारण सरांचं अर्धं वाक्य खरं होतं. एमआयटीने सोडलं, हे खरंच. पण "जमलं नाही" हे कुठून आलं? मग मे महिन्याच्या सुट्टीत बसून हे सगळं प्रकरण नीट वाचून काढलं आणि आता इथे टाकतोय, कारण हे वाक्य मी फक्त आमच्याच कॉलेजात ऐकलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमआयटीत कोर्सला लोक नावाने नाही, नंबरने ओळखतात. सहा नंबर म्हणजे इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचा विभाग, आणि ६.००१ म्हणजे तिथला कॉम्प्युटरचा पहिला कोर्स, पोरं त्याला "सिक्स डबल-ओ वन" म्हणायची. हॅल अबेलसन आणि जेराल्ड सस्मन या दोघांनी १९७८ पासून त्याची जुळवाजुळव सुरू केली आणि १९८० च्या फॉल सेमिस्टरपासून तो ठरलेल्या रूपात शिकवायला लागले. वर्षाला ६०० ते ७०० विद्यार्थी. विभागाचे चार सक्तीचे कोर्स होते त्यातला हा एक, बाकीचे तीन सर्किट, सिग्नल आणि कॉम्प्युटरच्या आतली रचना यांचे. म्हणजे ज्याला पुढे आयुष्यभर सर्किटच डिझाइन करायची आहेत त्यालाही हा कोर्स चुकत नव्हता, आणि या कोर्सची भाषा कुठली तर स्कीम, लिस्प या जुन्या भाषेची एक बोली, जी सस्मन आणि गाय स्टील यांनी १९७५ मध्ये तिथल्याच एआय लॅबमध्ये बनवली होती. कोर्सवरून १९८५ मध्ये पुस्तक निघालं, 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स', सगळे एसआयसीपी म्हणतात, कव्हरवर जादूगार आहे म्हणून विझर्ड बुक पण म्हणतात. दुसरी आवृत्ती १९९६ ची.

आता स्कीमच का, हा प्रश्न येतो आणि इथेच बरेच जण चुकतात. लोकांना वाटतं की फंक्शनल प्रोग्रॅमिंगवर, म्हणजे किमती न बदलता सगळं फंक्शनमधून मांडायच्या पद्धतीवर, त्यांची काहीतरी भक्ती होती. तशी ती असेलही, पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत कारण एकदम व्यवहारी दिलंय. आम्ही ही भाषा रीतसर शिकवतच नाही, गरज पडत नाही, आम्ही फक्त ती वापरतो आणि पोरं दोन-चार दिवसांत उचलतात, असा त्याचा अर्थ. स्कीमची वाक्यरचना म्हणजे कंस उघडा, काय करायचं ते लिहा, कशावर करायचं ते लिहा, कंस बंद करा. (+ ३ ४) म्हणजे ७. (* २ (+ ३ ४)) म्हणजे १४. संपलं. सेमीकोलन नाही, मेन नाही, हेडर फाईल नाही, पर्सेंट डी नाही. आमच्याकडे सी शिकवताना पहिला महिना कुठे जातो ते ज्यांनी शिकवलंय त्यांना सांगायला नको. स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह का लागतं याचं उत्तर "पुढे पॉइंटरमध्ये सांगतो" असं असतं आणि पॉइंटर येईपर्यंत डिसेंबर उजाडतो.

म्हणजे त्यांनी भाषा निवडली ती भाषा शिकवायचा वेळ वाचावा म्हणून. वाचलेला वेळ कशात घातला ते आता बघू.

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एक गणित आहे. एक डॉलरचे सुट्टे ५०, २५, १०, ५ आणि १ सेंटच्या नाण्यांत किती प्रकारे देता येतील? उत्तर २९२. मी हे गणित मागच्या पावसाळ्यात दर शनिवारी बसणाऱ्या सात पोरांना दिलं, ऐच्छिक बॅच होती, हजेरी नाही, मार्क नाहीत. फक्त आपली नाणी घेतली. दहा रुपये, आणि नाणी १, २, ५, १० ची. सातही जण सेकंड इयरचे, सी झालेलं, जावा चालू. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी एकात एक लूप टाकले. चार नाणी म्हणून चार लूप. मी विचारलं उद्या वीसचं नाणं धरलं तर? पाचवा लूप. आणि किती प्रकारची नाणी आहेत हेच आधी माहीत नसेल तर? शांतता.

मग फळ्यावर लिहिलं की दहा रुपये द्यायचे सगळे मार्ग दोनच ढिगांत पडतात. एका ढिगात दहाचं नाणं वापरलेलंच नाही. दुसऱ्यात ते निदान एकदा तरी वापरलंय, मग ते एक नाणं बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेचे मार्ग मोजा, सगळी नाणी पुन्हा हाताशी धरून. दोन ढिगांची बेरीज म्हणजे उत्तर. आणि थांबायचं कुठे? रक्कम शून्य झाली तर एक मार्ग, रक्कम शून्याच्या खाली गेली किंवा नाणीच संपली तर शून्य मार्ग. बस, एवढाच प्रोग्रॅम, पाच-सहा ओळी, आणि ओळी म्हणजे अक्षरशः हीच वाक्यं कंसात घालून. रॅकेटमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत देता येतं म्हणून आम्ही त्याचं नाव "सुट्टे" ठेवलं.

एका मुलीने तोवर वहीत हाताने मोजून दहा मार्ग काढले होते. मशीनने अकरा सांगितले. तिचं म्हणणं मशीन चुकलंय. बघितलं तर तिने दहाचं एकच नाणं द्यायचा मार्ग धरलाच नव्हता, आणि कारण पण पटण्यासारखं दिलं, "सर, दहाचे सुट्टे मागितले आणि समोरच्याने दहाचंच नाणं हातावर ठेवलं तर त्याला सुट्टे म्हणतात का?" वर्ग हसला, पण यातून पाऊण तास चर्चा झाली की प्रोग्रॅम चुकलाय की प्रश्न नीट विचारलेला नाही. रक्कम शून्य असताना मार्ग शून्य का नाही, एक का, यावरही भांडण झालं. शून्य घालून चालवून बघा म्हणलं. चालवलं तर सगळ्याच उत्तरांचा शून्य झाला. या सगळ्यात भाषेबद्दल एकही प्रश्न आला नाही, एक कंस कमी-जास्तचा सोडून. अबेलसन-सस्मन काय म्हणत होते ते मला त्या शनिवारी कळलं.

आता फंक्शनल हा शब्द जिथे खरा येतो ती गोष्ट. ६.००१ च्या पुस्तकात पहिली दोन प्रकरणं, म्हणजे दोनशेच्या वर पानं, व्हेरिएबलची किंमत बदलणं हा प्रकारच नाही. एखाद्या नावाला एकदा जी किंमत दिली ती दिली. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एक्स इज इक्वल टू एक्स प्लस वन येतं. दहावी-बारावीला गणितात चांगले मार्क पडलेलं पोरगं, विशेषतः मराठी मीडियमचं, ते बघून थबकतं, कारण क्ष = क्ष + १ मध्ये दोन्हीकडून क्ष काढला तर ० = १ उरतं, हे त्याला नववीतच शिकवलंय. आपण त्याला सांगतो की इथे बरोबर म्हणजे बरोबर नव्हे. म्हणजे त्याला जे येत होतं ते आधी विसरायला लावतो. स्कीममध्ये त्याला जे येतं त्याच्यावरच काम सुरू होतं, फंक्शन म्हणजे त्याच्या गणितातलंच फंक्शन, किंमत टाका, सोडवत जा.

आणि मग तिसऱ्या प्रकरणात बँक अकाउंट येतं. खात्यात १००. २५ काढले, उत्तर ७५. परत तेच, २५ काढले, उत्तर ५०. तीच ओळ, अक्षर न बदलता, दोन वेळा चालवली आणि दोन उत्तरं. सी शिकलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, पण जो दोनशे पानं वेगळ्या जगात राहून आलाय त्याला धक्का बसतो, कारण आत्तापर्यंत "किंमत टाका आणि सोडवा" ही जी एकच युक्ती प्रत्येक प्रोग्रॅमला लागू पडत होती ती इथे मोडते. मग पुस्तक सांगतं की किंमत बदलायची सोय पाहिजे असेल तर अमुक इतकी किंमत मोजावी लागेल, आता नाव म्हणजे किंमत नाही, नाव म्हणजे एक जागा, आणि ती जागा कुठे आहे याचा हिशोब ठेवायला आकृत्या काढाव्या लागतील. मला आत्तापर्यंत जेवढी पुस्तकं माहीत आहेत त्यात असाइनमेंटसारख्या, म्हणजे नावाला नवी किंमत देण्याच्या, साध्या गोष्टीला इतकं जपून वर्गात आणलेलं दुसरं पुस्तक नाही. पुढे चौथ्या प्रकरणात पोरं स्कीममध्येच स्कीमचा इंटरप्रिटर, म्हणजे स्कीमचे प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लिहितात, पाचव्यात रजिस्टर मशीन आणि कंपायलर. पहिल्या कोर्सच्या पुस्तकात!

तर असा कोर्स २००७ च्या फॉलपर्यंत चालला आणि नंतर नेहमीच्या वेळापत्रकातून गेला. १९८० पासून धरले तर २७ वर्षं. त्याच्या जागी ६.०१ आला, त्यात पायथन, आणि इथून आमच्या सीनियर सरांचं वाक्य सुरू होतं.

पण ६.०१ होता काय? तो प्रोग्रॅमिंगचा कोर्स नव्हताच. चाकांवर फिरणारा, सोनार लावलेला एक रोबॉट, आणि त्याच्याभोवती सॉफ्टवेअर, सिग्नल आणि कंट्रोल, सर्किट, संभाव्यता आणि प्लॅनिंग असं सगळं एकत्र गुंफलेलं. रोबॉट भिंतीला धरून चालतो की भिंतीवर आपटतो हे बघत बघत शिकायचं. आणि हा कोर्स उभा करणाऱ्यांत खुद्द अबेलसन होते. म्हणजे स्कीमवाल्यांना हाकलून पायथनवाले आले असला काही सीन नव्हता.

सस्मन यांना २००९ च्या आंतरराष्ट्रीय लिस्प परिषदेत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. १९८० मध्ये इंजिनियर छोटे छोटे सुटे भाग घेऊन, जे त्याला आतून-बाहेरून समजलेले असायचे, त्यातून मोठी गोष्ट बांधायचा. चांगला प्रोग्रॅमर बराच वेळ नुसता विचार करायचा आणि मग थोडकाच कोड लिहायचा, आणि तो चालायचा. ६.००१ त्या इंजिनियरसाठी बनवला होता. आता माणूस भल्यामोठ्या लायब्ररी घेऊन बसतो, त्या आत काय करतात ते पूर्ण कुणालाच माहीत नसतं, मॅन्युअल असलं तरी ते पुरतं नाही, म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहून त्या लायब्ररीला टोचून बघायचं की ती काय करते, आणि मग आपल्या कामाला जुंपायची. हे काम वेगळं, म्हणून कोर्स वेगळा. आणि पायथनच का? तर बहुतेक त्या रोबॉटसाठीची लायब्ररी पायथनमध्ये आधीच तयार होती म्हणून.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. जगभरातल्या मीटिंगांत जो निर्णय पुरावा म्हणून फेकला जातो त्यातला भाषेचा भाग हा असा होता.

मग ६.००१ मध्ये खोट काहीच नव्हती का? होती की, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यात नेमकेपणाने दाखवली ती फंक्शनलवाल्यांनीच. १९८७ मध्येच फिलिप वॉडलर यांनी लेख लिहून म्हणलं की स्कीम यासाठी पुरेशी चांगली नाही, पॅटर्न मॅचिंग (डेटाचा आकार बघून फाटे फोडणं) नाही, टाइप्स नाहीत, गणितासारखी लिखावट नाही, लेझी इव्हॅल्युएशन (गरज पडेपर्यंत किंमत न काढणं) नाही, आणि त्यामुळे प्रोग्रॅमबद्दल कागदावर तर्क करणं विनाकारण अवघड होतं. दुसरी टीका मला जास्त महत्त्वाची वाटते, २००४ ची, मथायस फेलायझन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांची. हीच मंडळी ज्यांनी डॉक्टर स्कीम हे स्कीम शिकवायचं सॉफ्टवेअर आणि पुढे रॅकेट भाषा बनवली. त्यांचं म्हणणं असं की एसआयसीपी सुंदर प्रोग्रॅम दाखवतं, पण तो प्रोग्रॅम सुचला कसा ते सांगत नाही. कोऱ्या कागदावरून पहिल्या ओळीपर्यंत कसं जायचं, याची पायरी-पायरीची पद्धत त्यात नाही, हुशार पोरं ती आपोआप उचलतात आणि बाकीची मागे राहतात. शिवाय उदाहरणं सगळी गणित आणि इलेक्ट्रिकलमधली, न्यूटनच्या पद्धतीने वर्गमूळ, डेरिव्हेटिव्ह, मूळसंख्या ओळखणं, सर्किट सिम्युलेटर. एमआयटीच्या पोरांना ते चालतं. ज्याला डेरिव्हेटिव्हच कच्चं आहे तो कॉम्प्युटर सायन्सला घाबरला की डेरिव्हेटिव्हला, हे त्यालाही कळत नाही. माझ्या शनिवारच्या बॅचमध्ये अगदी हेच झालं, सुट्ट्यांच्या गणितावर सातजण भांडत होते आणि दोन आठवड्यांनी डेरिव्हेटिव्ह घेतलं तर चारच आले. दोष माझा, मी पुस्तकाच्या क्रमाने गेलो.

म्हणून या प्रकरणातून कुणी "जमलं नाही" असं काढत असेल तर ते कुणासाठी जमलं नाही हे पण काढायला पाहिजे, आणि त्यावर फेलायझन यांच्या गटाचा उपाय फंक्शनल सोडा असा नव्हता. त्यांनी भाषाच टप्प्याटप्प्याने छोटी करून दिली, बिगिनरला बिगिनरची, पुढे गेला की थोडी मोठी, आणि उदाहरणं साध्या गोष्टींची घेतली. कॉलेजातच नाही तर शाळांतल्या शिक्षकांनाही ते शिकवायला गेले.

पुढे काय झालं ते भराभर सांगतो. बर्कलीत सीएस ६१ए हा याच पुस्तकावर चालणारा कोर्स होता, ब्रायन हार्वी शिकवायचे, २०११ मध्ये तोही पायथनवर गेला. पण आजही त्या कोर्सच्या शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टात पोरं पायथनमध्ये काय लिहितात तर स्कीमचा इंटरप्रिटर. एमआयटीतही आता प्रोग्रॅमिंगचा जो दुसरा कोर्स आहे त्याच्या लॅबमध्ये लिस्प इंटरप्रिटर लिहायला आहेच. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीने तर वेगळीच वाट काढली, जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा कापून घेतला, त्याला सोर्स नाव दिलं आणि त्यात एसआयसीपी शिकवायला लागले, त्याचं जावास्क्रिप्टवालं पुस्तक २०२२ मध्ये छापून आलं. म्हणजे कंस गेले आणि बाकी तसंच राहिलं. आपल्याकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या वर्षाची पोरं प्रोग्रॅमिंग हॅस्केल या पूर्ण फंक्शनल भाषेत सुरू करतात, तिथल्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलचा कोर्स एनपीटेलवर फुकट आहे. आणि लांब कशाला, पवईला आयआयटीत सीएस १५२ नावाच्या कोर्सात रॅकेट शिकवलंय. "आपल्याकडे काय जमणार" मधलं आपल्याकडे म्हणजे नक्की कुठे, हा मला खरंच प्रश्न आहे.

मला विचाराल तर एमआयटीकडून उचलायची गोष्ट पायथन नव्हती. त्यांनी आधी ठरवलं की या कोर्समधून माणूस कसा बाहेर पडला पाहिजे, मग कोर्स आखला आणि भाषा सगळ्यात शेवटी ठरली, दोन्ही वेळेला, १९८० ला पण आणि २००७ ला पण. आम्ही आधी भाषा ठरवली आणि जुन्या सीच्या सिलॅबसमध्ये फाइंड-रिप्लेस केलं. खोटं वाटत असेल तर युनिटची नावं बघा, ऑपरेटर, कंट्रोल स्टेटमेंट, अॅरेच्या जागी लिस्ट, फंक्शन, फाईल हँडलिंग. पोरगं पहिल्या आठवड्यात आजही क्ष = क्ष + १ लाच थबकतं, फक्त आता सेमीकोलन नाही.

अर्थात आमची अडचण मला मान्य आहे, एका वर्गात सत्तर पोरं, लॅबला वीस मशीन चालू, आणि प्लेसमेंटवाले पहिल्या वर्षापासून विचारतात की कोणती लँग्वेज येते. त्यात रॅकेट सांगितलं तर समोरच्याला बॅडमिंटन आठवतं. पण चार आठवडे मागितले होते, अख्खं वर्ष नाही.

नवा सिलॅबस जूनपासून लागू झाला. फंक्शनल प्रोग्रॅमिंगला अगदीच काही दिलं नाही असंही नाही हं, युनिट पाचमध्ये शेवटच्या ओळीत "लॅम्डा, मॅप, फिल्टर" आहे, दोन तास. परीक्षेला त्यावर चार मार्कांचा प्रश्न आला, लॅम्डा फंक्शन म्हणजे काय, एक उदाहरण द्या. पेपर मीच काढला होता.